सूक्ष्माची मोजणी

आपल्याकडे जमिनीची मोजणी झाली म्हणजे तिचे तीन कागद सरकारी दप्तरात जमा होतात. मोजणीदार शेतावर उभा राहून जी मापे घेतो, ती ज्यावर उतरवली जातात ते टिपण. त्या मापांवरून क्षेत्र काढण्याचा हिशेब ज्यात मांडलेला असतो ते गुणाकार बुक. आणि या दोहोंच्या आधारे तयार होतो तो नकाशा. शेतकऱ्याच्या परिचयाचा असतो तो बहुधा नकाशाच. सुबक रेषांनी काढलेली आपल्या शेताची आकृती पाहून त्याचे समाधान होते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु बांधाचा तंटा उभा राहिला, की नुसत्या नकाशाने भागत नाही. टिपण काढून पाहावे लागते, गुणाकार पुन्हा करून पाहावा लागतो. नकाशा हा निष्कर्ष होय. त्याची सत्यता मागच्या दोन कागदांवर अवलंबून असते. हे दोन कागद कोणासही मागता येतात, म्हणूनच तिसऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

आज मी ज्या मोजणीविषयी बोलणार आहे तिचे शेत माणसाच्या केसाच्या जाडीहूनही पुष्कळ लहान असते. त्यातले डोंगर म्हणजे काही अणूंचे ढीग आणि दऱ्या म्हणजे अणूंच्या दोन ओळींमधली फट. स्कॅनिंग प्रोब मायक्रोस्कोप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांनी ही मोजणी होते. या मोजणीलाही टिपण असते, गुणाकार असतो आणि नकाशा असतो. फरक इतकाच की येथील गुणाकार संगणक करतो, आणि तो कसा केला हे पुष्कळदा कोणालाच पाहता येत नाही. हा गुणाकार उघडा करण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास श्रोत्यांपुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

हिशेब झाकलेला राहिला म्हणजे काय अनर्थ होतो, याचा एक धडा दख्खनच्या महसुली इतिहासातच आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर काही वर्षांनी कंपनी सरकारने पुणे प्रांतातील जमिनींच्या पाहणीचे काम आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याकडे सोपविले. प्रिंगल हा इंग्लंडात त्या काळी नव्याने गाजत असलेल्या अर्थशास्त्राचा अभ्यासक होता. शेताचे एकंदर उत्पन्न काढावे, त्यातून मशागतीचा सर्व खर्च वजा करावा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यावेत, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसे. परंतु हा हिशेब इतका गुंतागुंतीचा झाला, की गावच्या पाटील-कुळकर्ण्यांना त्यातली एकही पायरी पडताळता येईना, आणि खालच्या कारकुनांनी भरलेले आकडे खरे की खोटे हे वरच्या साहेबाला कळेना. सारा असह्य झाला, लोकांनी शेते टाकली, जमिनी ओस पडू लागल्या. शेवटी १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने आरंभ केला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा तो सूक्ष्म हिशेबच सोडून दिला आणि जमिनीची प्रतवारी लावण्याची सुटसुटीत रीत घातली. पुढे १८४७ साली या पद्धतीची तत्त्वे संयुक्त अहवालाच्या रूपाने मांडण्यात आली. प्रिंगलची बुद्धी कमी नव्हती. त्याचा हिशेब ज्यांच्या अंगावर पडणार होता त्यांना तो तपासता येत नव्हता, हे त्याच्या अपयशाचे एक मोठे कारण होते.

दुसरे उदाहरण मी सध्या जेथे राहतो त्या बंगळूरचे आहे. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे हे नगर मराठी माणसाला परके नाही. त्यातला जयनगर हा भाग स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, आखून वसवला गेला. येथे पत्ता सांगताना बहुधा रस्त्याचे नाव सांगत नाहीत. कितवा ब्लॉक, कितवा मेन आणि कितवा क्रॉस हे सांगतात. मोजून आखलेल्या अशा वस्तीत राहणाऱ्यास मोजणीचा इतिहास सहज आठवतो. याच बंगळूरजवळ १८०० साली विल्यम लॅम्बटन याने साखळीने एक आधाररेषा मोजली. म्हैसूरच्या मुलखाची ती मोजणी पुढे वाढत गेली. १८०२ साली मद्रासजवळ नवी आधाररेषा मोजून तिला अखिल भारतीय स्वरूप आले. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकताना लॅम्बटन वृद्ध झाला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे.

या महान मोजणीतून पुढे जगातले सर्वांत उंच शिखर सापडले. ते कोणी डोळ्यांनी पाहून ओळखलेले नाही. दूरवरून घेतलेल्या कोनांची टिपणे कचेरीत आली, त्यांवर हिशेब झाले, हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो म्हणून त्याची दुरुस्ती करण्यात आली, आणि मग १५ व्या क्रमांकाचे शिखर २९,००२ फूट उंच असल्याचे १८५६ साली जाहीर झाले. हे हिशेब करणाऱ्या खात्यातील मुख्य गणक राधानाथ सिकदार यांच्या पदाचे नाव 'चीफ कॉम्प्युटर' असे होते. त्या काळी कॉम्प्युटर हे यंत्र नव्हते. तो पगारी सरकारी नोकर होता, आणि त्याने केलेला गुणाकार कागदावर राहत असे. पुढे या मोजणीच्या कामाचे सविस्तर वृत्तान्त मोठमोठ्या खंडांतून छापले गेले. त्यांत निरीक्षणे होती, तशा हिशेबाच्या रीतीही होत्या. ज्याला शंका येईल त्याने आकडे घ्यावेत आणि पुन्हा गणित करावे, अशी ही व्यवस्था होती.

डोंगरांच्या मोजणीतून आता अणूंच्या मोजणीकडे वळू. योगायोग असा, की या कथेचा आरंभही एका सरकारी वजने-मापे खात्यात झाला. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल यंग आणि त्याचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात एक यंत्र बांधण्यास घेतले. धातूची अत्यंत अणकुचीदार सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ नेऊन, तिला न टेकवता, पृष्ठभागावरचे चढउतार नोंदवावेत अशी त्यांची कल्पना. यंत्राला त्यांनी 'टोपोग्राफायनर' असे नाव दिले. त्याचे वर्णन १९७२ साली प्रसिद्ध झाले; परंतु तत्पूर्वीच ते काम बंद पडले होते. जमिनीच्या बारीकशा कंपनांमुळे त्यांना अणूपर्यंत पोहोचता आले नाही.

तेथपर्यंत पोहोचण्याचा मान झुरिकजवळच्या रुश्लिकॉन गावी आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोरर यांना मिळाला. १९८१ साली त्यांचे यंत्र चालू झाले. त्याचे तत्त्व असे. सुईचे टोक आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये पोकळी असली, तरी अंतर अगदी थोडे असेल तर इलेक्ट्रॉन ती पोकळी ओलांडतात आणि क्षीण विद्युत्प्रवाह वाहतो. हे अंतर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाने वाढले, तरी प्रवाह सुमारे दहापट घटतो. इतका नाजूक काटा हाती आल्यावर प्रवाह स्थिर राहील अशा बेताने सुई खालीवर करीत न्यावयाची आणि ती किती वर गेली, किती खाली आली, हे टिपत जावयाचे. शेतात नांगर जसा एकामागून एक तास घालीत जातो, तशी सुई ओळीमागून ओळ फिरते.

१९८३ साली या शास्त्रज्ञांनी सिलिकनच्या एका पृष्ठभागावरील अणूंची रचना प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे वादाचा विषय झालेली ती रचना प्रथमच उंचसखल आकृतीच्या रूपाने दिसली. आलेखकाने कागदावर काढलेल्या मूळ रेषाच एकापुढे एक मांडून त्यांनी त्या उठावाची प्रतिकृती उभी केली होती. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. टिपण, गुणाकार आणि नकाशा हे तिन्ही कागद त्या क्षणी एकाच टेबलावर होते. आलेखाची रेषा आणि नकाशाची रेषा यांत अंतरच नव्हते. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गेर्बर यांनी वीज न वाहणाऱ्या पदार्थांवरही चालेल असा दुसरा प्रकार, म्हणजे अणुबल सूक्ष्मदर्शक, निर्माण केला. आंधळ्याने काठीने वाट चाचपावी तसे लवचिक पट्टीच्या टोकाला असलेले टोकदार अग्र पृष्ठभाग चाचपीत जाते. त्याच वर्षी बिनिग व रोरर यांना नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा जनक अर्न्स्ट रुस्का याला देण्यात आला.

यानंतर ही यंत्रे बाजारात आली, आणि कागदावरच्या रेषांची जागा संगणकातल्या आकड्यांनी घेतली. ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ५१२ ठिकाणे अशी मोजणी केली, तर २,६२,१४४ उंच्यांचा तक्ता तयार होतो. हे झाले टिपण. पडद्यावर जे सोनेरी-तपकिरी चित्र दिसते ते छायाचित्र नव्हे. अणूला तसा रंग नसतो. उंचीच्या आकड्यांना कोणी तरी रंग नेमून दिलेले असतात. आणि ते रंग भरण्यापूर्वी त्या आकड्यांवर किती तरी संस्कार झालेले असतात.

हे संस्कार कोणते, ते थोडक्यात सांगतो. पहिला उताराचा. नमुना कितीही काळजीने ठेवला तरी तो किंचित तिरपा असतोच, आणि अणूंच्या मानाने तो उतार डोंगराएवढा असतो. म्हणून आकड्यांमधून एक तिरपे प्रतल वजा करावे लागते. दुसरा बाकाचा. सुई फिरवणारी यंत्रणा सरळ न जाता किंचित कमानीत जाते. सपाट काचही घुमटासारखी दिसू लागते. ती कमानही वजा करावयाची. तिसरा ओळींचा. एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत यंत्र किंचित सरकते, त्यामुळे ओळी एकमेकींशी जुळत नाहीत. त्या एका पातळीला आणाव्या लागतात. चौथा सुईचा. बोथट बोटाने चाचपले तर मोहरीही वाटाण्याएवढी भासावी, तसे बोथट अग्राने बारीक कण रुंद दिसतो. चित्रात पृष्ठभागाच्या आकाराबरोबर सुईचाही आकार मिसळलेला असतो.

यांपैकी प्रत्येक संस्कार आवश्यक आहे आणि प्रत्येक धोक्याचा आहे. समजा, सपाट मैदानावर एक उंच बेट आहे. त्या बेटासकट सगळ्या चित्रातून सरासरी कमान वजा केली, तर बेटाभोवती खंदक पडलेला दिसतो. तो खंदक निसर्गात नाही. तो गुणाकारातून जन्मला. हे ज्याला ठाऊक आहे तो बेट वगळून कमान काढतो. ज्याला ठाऊक नाही तो खंदकावर प्रबंध लिहील. पृष्ठभाग किती खडबडीत आहे, हा आकडाही असाच. ओळी जुळवण्याच्या भरात खरे चढउतारसुद्धा पुसले जातात आणि पृष्ठभाग आहे त्याहून गुळगुळीत ठरतो. चकतीवर माहिती साठवायची असो, की शरीरात बसवायच्या सांध्याला चकाकी द्यायची असो, हा खडबडीतपणाचा आकडा निर्णायक असतो.

तेव्हा प्रश्न येतो तो असा: हा गुणाकार कोणता, हे पाहावयाचे कोठे? यंत्र विकणारी प्रत्येक कंपनी यंत्राबरोबर आपली आज्ञावली देते. त्या आज्ञावलीत 'सपाट करा' अशी एक कळ असते. ती दाबली की चित्र सुंदर होते. आत काय झाले हे सांगणारी मूळ संहिता कंपनीच्या तिजोरीत. इतकेच नव्हे, तर टिपणसुद्धा प्रत्येक कंपनी आपापल्या लिपीत साठवते. एकीचे टिपण दुसरीच्या यंत्रावर उघडत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे पेशवे दप्तराची आठवण होते. पुण्यात कागदांचे रुमाल भरभरून होते; परंतु मोडी वाचणारे आणि निवडणारे हात लागले, गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखाली १९३० पासून ४५ खंड निघाले, तेव्हा कोठे त्यांतला काही भाग बोलू लागला. मोडी ही निदान लाखो लोकांची लिपी होती. एकाच कंपनीने ठरवलेली लिपी त्या कंपनीबरोबर बुडू शकते, आणि मग पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रयोग दप्तरात असूनही मुके होतात.

या अडचणीवर उपाय निघाला तो पुन्हा एका वजने-मापे संस्थेत. चेक प्रजासत्ताकाची राष्ट्रीय मापनसंस्था ब्रनो या शहरात आहे. हेच ते नगर, जेथे ग्रेगोर मेंडेल याने मठाच्या बागेत वाटाण्याची रोपे मोजली आणि ती मोजदाद १८६६ साली छापली. आकडे छापलेले होते म्हणूनच सत्तर वर्षांनी, १९३६ साली, संख्याशास्त्रज्ञ फिशर याला ते पुन्हा तपासून, हे अपेक्षेहून जरा जास्तच नेटके जुळतात, असा आक्षेप घेता आला. मेंडेलचे नियम त्यामुळे ढळले नाहीत. परंतु तपासणीचा हक्क मात्र सिद्ध झाला. अशा या ब्रनोमध्ये २००४ साली पेत्र क्लापेतेक आणि डेव्हिड नेचास यांनी एक आज्ञावली लिहिण्यास आरंभ केला. वेल्सच्या पुराणकथांतील एका मायावी पुरुषाच्या नावावरून तिला 'ग्विडिऑन' असे नाव दिले. सूक्ष्ममापनासाठी युरोपातील मापनसंस्थांनी जे सहकार्य आरंभिले होते, त्याच्या छत्राखाली हे काम सुरू झाले.

मापनसंस्थेने हे काम का हाती घ्यावे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. वजने-मापे खात्याचे मुख्य काम प्रमाण राखण्याचे. अमुक उंची इतके नॅनोमीटर आहे असा दाखला द्यावयाचा, तर ती उंची कोणत्या मार्गाने आली हे शेवटच्या पायरीपर्यंत सांगता आले पाहिजे. मधली एक पायरी जरी बंद पेटीत असली, तरी दाखल्यावर सही करणाऱ्याचा हात अडखळला पाहिजे. म्हणून त्यांनी आपली आज्ञावली मूळ संहितेसह जगापुढे ठेवली. त्यासाठी लागणारा कायदेशीर साचा तयारच होता. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन याने १९८३ साली मुक्त आज्ञावलींची चळवळ पुकारली आणि १९८९ साली तिचे सार्वजनिक परवानापत्र सिद्ध केले. त्याच्या अटी साध्या आहेत. आज्ञावली कोणीही, कोणत्याही कामासाठी वापरावी. ती कशी चालते हे वाचावे. तीत फेरफार करावा. मूळ किंवा सुधारलेली प्रत इतरांना द्यावी. मात्र देताना हेच हक्क घेणाऱ्यालाही द्यावेत. फुकट देणे आणि उघडे देणे यांत जो भेद आहे तो येथे स्पष्ट होतो. फुकट मिळालेली बंद पेटी शेवटी बंद पेटीच.

ग्विडिऑन आज शंभराहून अधिक प्रकारची टिपणे वाचते. निरनिराळ्या कंपन्यांच्या लिप्या एकेक करून लावण्याचे हे काम मोडी वाचकाच्या चिकाटीचेच होते. उतार, कमान, ओळी यांच्या दुरुस्त्या तीत आहेत आणि प्रत्येक दुरुस्तीमागचे गणित मार्गदर्शिकेत लिहिलेले आहे. केलेल्या संस्कारांची नोंदही ती ठेवते. बोथट सुईचा आकार खुद्द चित्रावरूनच अजमावण्याची जी रीत अमेरिकेच्या मापनसंस्थेतील व्हिलारुबिया याने १९९७ साली प्रसिद्ध केली, तीही तीत आहे. टोपोग्राफायनर जेथे जन्मला तीच ही संस्था, फक्त तिचे नाव मध्यंतरी बदलले होते.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रसंग २०२० सालचा आहे. त्या वर्षी नेचास, व्हाल्ट्र आणि क्लापेतेक यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा, की पातळी जुळवण्याच्या आणि ओळी सारख्या करण्याच्या ज्या दुरुस्त्या सर्वत्र सर्रास वापरल्या जातात, त्या खडबडीतपणाच्या मापाचा पुरता विचका करतात. तो किती होतो आणि कसा टाळावा हे त्यांनी गणिताने दाखवले. या दुरुस्त्या त्यांच्या स्वतःच्या आज्ञावलीतही आहेत. दुकानदाराने आपल्याच दुकानात, हे माप थोडे कमी भरते, जपून घ्या, अशी पाटी लावावी तसा हा प्रकार झाला. विकणाऱ्याला असे करणे जड जाते. प्रमाण राखणे हेच ज्याचे काम, त्याला मात्र असे करणे शोभून दिसते.

आपल्या देशात ही विद्या रुजली ती काही केवळ विकत आणलेल्या यंत्रांवर नव्हे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. धर्माधिकारी आणि त्यांचे विद्यार्थी यांनी असा सूक्ष्मदर्शक आपल्या प्रयोगशाळेत बांधून त्यावर संशोधन केले. स्वतः यंत्र बांधणाऱ्याला त्याचे टिपण परके नसते. परंतु प्रत्येक महाविद्यालयाला यंत्र बांधता येत नाही, विकतही घेता येत नाही. म्हणून २००८ साली केंद्र सरकारने बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पवईची आय. आय. टी. येथील अद्ययावत साधने देशभरच्या संशोधकांना वापरता यावीत अशी योजना केली.

जळगाव, नांदेड किंवा कोल्हापूर येथून जो विद्यार्थी आपला नमुना घेऊन अशा ठिकाणी येतो, त्याची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. त्याला यंत्राचे काही तास मिळतात. मोजणी होते. आकड्यांची फाइल खिशात घालून तो रात्रीच्या गाडीने परत निघतो. त्या फाइलीतून अर्थ काढण्याचे काम पुढे महिनोन्महिने चालावयाचे असते. ती फाइल ज्या आज्ञावलीत उघडते ती कंपनीच्या परवान्याने बांधलेली आणि बंगळूरच्या संगणकावर असेल, तर टिपण हातात असूनही त्याला ते वाचता येत नाही; सुंदर चित्राची छापील प्रत घेऊन त्याने समाधान मानावे, एवढेच उरते. म्हणजे नकाशा त्याचा, टिपण त्याचे, पण गुणाकार दुसऱ्याचा. खुली आज्ञावली असली तर वसतिगृहातल्या जुन्या संगणकावर तो तीच फाइल उघडू शकतो, उतार निराळ्या रीतीने वजा करून पाहू शकतो, आणि परीक्षकाने विचारले की हा खंदक कोठून आला, तर त्याचे उत्तर स्वतः शोधू शकतो. शास्त्रज्ञ आणि कळ दाबणारा यांच्यात जो फरक आहे तो हाच.

शासनांनाही हे हळूहळू पटले आहे. २०१५ साली केंद्र सरकारने आपल्या कामकाजासाठी खुल्या आज्ञावलींस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पवईच्या आय. आय. टी.ने मुक्त आज्ञावली शिकवणारे ध्वनिपाठ तयार केले. त्यांत मराठी पाठही आहेत. आमच्या जयनगरात 'आय. टी. फॉर चेंज' या संस्थेने कर्नाटकातील सरकारी माध्यमिक शाळांच्या शिक्षकांना मुक्त आज्ञावलींच्या साहाय्याने गणित व विज्ञान शिकवण्याच्या कामात हातभार लावला. शाळेत ज्याने एकदा साधन उघडून पाहिले, तो पुढे प्रयोगशाळेत बंद पेटीपुढे सहजासहजी मान तुकवणार नाही, अशी आशा करण्यास जागा आहे.

या सर्वावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा, की मूळ संहिता उघडी असली तरी ती वाचतो कोण? लाखो ओळींची संहिता शंभरातला एखादाच वाचील. हे खरे आहे. परंतु गुणाकार बुकही प्रत्येक शेतकरी वाचीत नाही. ते मागता येते, आणि मागितल्यावर जाणता माणूस ते तपासू शकतो, एवढ्यानेच हिशेब करणाऱ्याचा हात सावध राहतो. दुसरा आक्षेप हमीचा. मुक्त आज्ञावलीच्या परवान्यात, आम्ही कोणतीही हमी देत नाही, असे स्वच्छ लिहिलेले असते. कंपनी निदान तक्रार तरी ऐकून घेते. यालाही उत्तर आहे. बंद आज्ञावलीच्या करारातही चुकीच्या निष्कर्षाची जोखीम बहुधा वापरणाऱ्यावरच टाकलेली असते, आणि प्रबंधावर नाव संशोधकाचे असते, कंपनीचे नसते.

तिसरा आक्षेप मात्र खरोखर जड आहे. अशी आज्ञावली पुष्कळदा दोन-चार माणसांच्या खांद्यांवर उभी असते. ती थकली, निवृत्त झाली, तर पुढे काय? महान त्रिकोणमितीय मोजणी लॅम्बटनच्या मृत्यूनंतरही चालू राहिली, कारण ती एका माणसाची नव्हती, खात्याची होती. जगभरच्या प्रयोगशाळा ज्या साधनावर आपले निष्कर्ष उभारतात, त्याचा सांभाळ थोड्या माणसांच्या निष्ठेवर सोडणे ही काही दूरदृष्टी नव्हे. १९५६ साली आपण दशमान वजनमापांचा कायदा केला आणि पुढील काही वर्षांत शेर-मणांचा देश किलोग्रॅमवर आणला. त्यासाठी राज्याने निरीक्षक नेमले, प्रमाण वजने घडवली, बाजारोबाजारी ती तपासण्याची व्यवस्था केली. बाजारातल्या किलोची काळजी घेणारी आपली वैधमापन यंत्रणा आजही आहे. शास्त्रीय हिशेब करणाऱ्या आज्ञावल्या हीदेखील आता एक प्रकारची प्रमाण वजनेच झाली आहेत. त्यांच्या देखभालीचा खर्च उचलणे, त्यांत आपल्या विद्यापीठांतील तरुणांना काम करावयास लावणे आणि केलेले काम त्यांच्या पदरी पुण्य म्हणून नव्हे तर संशोधन म्हणून मोजणे, हे सार्वजनिक कर्तव्य मानले पाहिजे. एका लहानशा देशाच्या मापनसंस्थेने ते ओळखले. आपल्यासारख्या विशाल देशाने त्यात मागे राहू नये.

कौटिल्याने आपल्या राज्ययंत्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला आणि व्यापाऱ्यांनी आपली वजने ठराविक काळाने तपासून घ्यावीत असा दंडक घातला. वजन व्यापाऱ्याचे असो वा राजाचे, ते तपासणीस खुले असले पाहिजे, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. तराजू बदलला, आज त्याच्या पारड्यात धान्याऐवजी अणू आहेत, आणि काट्याच्या जागी लाखो ओळींची संहिता आहे. जळगावच्या त्या विद्यार्थ्याला हा काटा स्वतः उचलून पाहता यावा, एवढी सोय झाली, तर मापाचा जुना धर्म आपण नव्या काळातही पाळला असे म्हणता येईल.